बोटभर लाल पट्टी

बँडमास्तरांनी नवा कोट चढवला, बटणं लावली आणि बघू तरी म्हणून ट्रंपेट फुंकायला छातीभर श्वास घेतला. मधलं बटण टणकन उडालं ते थेट ताईच्या चहात.

"धाकटे! साधं बटण लावता येत नाही तुला?" ताई कडाडली.

आता खरं सांगायचं तर धाकटीनं लावलेलं बटण एक वेळ फुटेल, पण सुटायचं नाही. पंधरा वर्षं या शिलाईच्या दुकानात तिनं दुसरं केलंय काय? ताई हुशार, शाळेत कायम पहिली, म्हणून कापड कापायची मोठी कात्री ताईकडे. धाकटी ढ, म्हणून तिला बटणांचा डबा. वडिलांनी अशी वाटणी करून दिली ती दिलीच. ती कात्री एकदा तरी चालवायला मिळावी असं धाकटीला फार वाटायचं. पण मागायची कशी? लोक हसतील म्हणून ती स्वतःच आधी हसून घ्यायची.

आज मात्र ती हसली नाही. तिनं चहातलं बटण काढलं आणि ताईसमोर धरलं. त्याला कोटाच्या कापडाचा तुकडा तसाच चिकटून होता. "दोरा शाबूत आहे, ताई. कापड फाटलंय. कोट घट्ट झालाय."

दुसरा कोट बघितला, तिसरा बघितला. सोळाच्या सोळा घट्ट! आणि बँड उद्या संध्याकाळी चौकात वाजायचा होता.

"असं कसं होईल?" ताई मटकन खाली बसली. "अगं, काम अगदी अचूक व्हावं म्हणून मी मुद्दाम नवी टेप आणली कापायला!"

"आणि मापं घेतलीस कशानं?"

"बाबांच्या टेपनं. नेहमीसारखी."

धाकटीनं खिळ्यावरची जुनी कापडी टेप काढून नवीच्या शेजारी पसरली. ओढून ओढून ती चांगली दीड इंच लांबली होती.

"हे तुला माहीत होतं?"

"केव्हापासून! माप याच टेपनं, कापणंही याच टेपनं, म्हणून चालून जायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतंय?"

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. बँडमास्तर बिचारे फाटका कोट पोटाशी धरून कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. धाकटीनं एक कोट उलटा केला, काखेत बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाहीच्या टोकापासून काखेतून थेट खालच्या काठापर्यंत उसवायचं. मध्ये बोटभर लाल पट्टी. कॉलरचं कापड उरलंय की."

"ठिगळ दिसेल गं!"

"सोळा जणांना एकसारखं असलं तर ठिगळ कसलं? लपवायचं कशाला? मिरवू की!"

"वा!" बँडमास्तर ओरडले. "आमचा ढोलवाला हात उचलेल तेव्हा काय रुबाब दिसेल!"

पण लाल कापड अगदी मोजकं होतं. एक पट्टी चुकली की संपलंच. ताईनं कात्री उचलली, कापडाला लावली आणि परत मागे घेतली. तिनं कात्री टेबलावर ठेवली आणि धाकटीकडे सरकवली.

"तू काप."

धाकटीनं ती हातात घेतली. कात्री तिला वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. तिनं टेप घेतली नाही, तीन बोटं कापडावर ठेवली. एक बोट दिसायला, दोन्हीकडची दोन शिवणीत. कात्री सरसर चालली, आणि पहिली पट्टी सुटी झाली तेव्हा तिला इतका आनंद झाला की नाक पुसायला थांबावं लागलं.

"मला का नाही सुचलं गं?" ताई उसवता उसवता म्हणाली. "गणितात पैकीच्या पैकी मार्क माझे!"

"तुला कुठून सुचणार? तुला कायम नवे कपडे. जुने झाले की माझ्या अंगावर, आणि मी तुझ्या दुप्पट! दर वर्षी आई काखेत पट्टी घालायची. मी हात वर करून उभी. बघण्यापलीकडे दुसरं करणार काय?"

ताईनं हातातली शिवण शेवटपर्यंत उसवली. मग म्हणाली, "आणि मी समजायचे, तुला काही कळत नाही."

"मीही तेच समजायचे," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकात बँडमास्तरांनी परत छातीभर श्वास घेतला. बटण हललंसुद्धा नाही. ढोलवाल्यानं हात उचलले, लाल पट्ट्या झळकल्या आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ताई तर दिसेल त्याचा हात धरून सांगत सुटली, "माझ्या बहिणीनं कापलंय!"

त्यानंतरच्या सकाळी धाकटी सवयीनं बटणांचा डबा घ्यायला गेली, तर डबा ताईच्या मांडीवर. चार वेळा दोरा ओवून झाला होता आणि बटण लागलं होतं चुकीच्या बाजूला.

"असू दे, ताई," धाकटी कात्री उचलत म्हणाली. "पंधरा वर्षांत येईल हळूहळू."