पाच दिव्यांचा डबा

मशीन थांबवून ती छताकडे कान लावून बसली होती, आणि त्या शांततेत वर कुठेतरी खुट्ट वाजलं.

खुळखुळा पाळण्याच्या कठड्यावर आपटला असेल, नाहीतर खिडकीची कडी असेल, नाहीतर काहीच नसेल. ती जिना चढून गेली. बाळ मुठी मिटून झोपलं होतं, ओठ दूध पीत असल्यासारखे हलत होते. ती क्षणभर उगाच उभी राहिली. मग खाली आली, मास्क लावला, चष्मा चढवला, पायाने मशीन सुरू केलं. जेमतेम एक दाढ घासून झाली असेल नसेल, पुन्हा पाय उचलला आणि पुन्हा छताकडे बघत बसली.

गल्लीत तिला दातवाली म्हणत. दात काढणारी नव्हे, दात करणारी. दातांची डॉक्टरीण पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायची आणि ही तळमजल्यावरच्या खोलीत त्यावरून कवळी करायची. मेणात एकेक दात बसवायचा, साच्यातून गुलाबी हिरडी काढायची, घासायची, झिलई द्यायची आणि डबीत घालून पाठवायची. घासताना पिठासारखी पूड उडायची, त्यामुळे बाळाला त्या खोलीत आणायची सोय नव्हती. आणि मशीनची घरघर अशी, की वर बाळ रडून लालेलाल झालं तरी खाली पत्ता लागत नसे. एकदा तसं झालं होतं. ते हुंदके देत झोपी गेल्यावर ती वर पोचली होती. त्या दिवसापासून ही थांबत थांबत घासायची तऱ्हा सुरू झाली, आणि एका दिवसाच्या कामाला आठवडा पुरेना.

बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम होतं. एका आजोबांची वरची कवळी. ही वेळेवर गेली तर पुढची कामं पूर्वीसारखी तिच्याकडे येणार होती, नाहीतर शहरातला मोठा लॅबवाला टपून बसलेलाच होता.

"बाई, तुमचं बाळ लहान आहे, मला समजतं," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "पण माझ्या पेशंटला चावायचंय. किती दिवस पातळ खाऊन राहतील?"

"शनिवारी देते, मॅडम."

"मागच्या वेळीही शनिवारच म्हणाला होतात."

"हा पुढचा शनिवार."

"ते कळलं मला. कुठल्या वर्षातला, तेवढं सांगा."

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर दोन यंत्रं येऊन बसली.

एक नवऱ्याने आणलं. नवरा बस चालवायचा, आणि आयुष्यभर खडखडणारी गाडी हाकणाऱ्या माणसाला नव्याकोऱ्या वस्तूंचं असतं तसं वेड त्याला होतं. पांढरंशुभ्र खोकं, आत कापसाच्या गादीवर निजवलेला कॅमेरा. तो पाळण्याच्या वर लावायचा. खोलीत जे हलेल तिकडे तो आपण होऊन मान वळवायचा. खाली तिच्या टेबलावर ठेवायला एक पडदा, शिवाय नवऱ्याच्या फोनवरही तेच चित्र. बाळाचा श्वास मोजणार, खोली गार झाली की सांगणार, रात्री अंधारातही बघणार.

"स्वयंपाक करतं का?" नणंद म्हणाली.

दुसरं यंत्र नणंदेने आणलं होतं. तिच्या जुळ्यांच्या वेळचं. एका कोपऱ्याला चिकटपट्टी, बटणांवरचे आकडे पुसलेले. एक डबा पाळण्याजवळ ठेवायचा, दुसरा आपल्याजवळ. चित्र नाही, काही नाही. वर आवाज झाला की खालच्या डब्यात ऐकू यायचा आणि त्याच्या कपाळावर पाच छोटे दिवे होते ते लागायचे. बाळ चुळबुळलं की एक, कुरकुरलं की दोन-तीन, भोकाड पसरलं की पाचच्या पाच, शेवटचे दोन लाल.

"ताई, ही वस्तू संग्रहालयात ठेव," नवरा म्हणाला.

"माझे दोघे याच्यावर वाढले. आता शेजारच्या खोलीतून घसा फोडून हाक मारली तरी ओ देत नाहीत, तो भाग वेगळा." मग भावजयीकडे वळून ती म्हणाली, "तू काय ते ठरव गं. याचं काय, याला स्टिअरिंग सोडून सगळं बघायचं असतं."

"दुकानदाराने आठ दिवस दिलेत," नवरा म्हणाला. "वापरून बघ. नाही पटलं तर परत. पण पटेल."

किमतीचा आकडा त्याने सांगितला नाही आणि तिनेही विचारला नाही. खोक्यावरची चिठ्ठी कुणीतरी नखाने खरवडून काढली होती, त्यावरून काय ते समजलं.

सोमवारी कॅमेरा लागला. बाळ तिच्या कामाच्या टेबलावर आलं, तळहाताएवढं, प्लास्टरचे साचे आणि मेणाचे तुकडे यांच्या मधोमध. किती सुंदर दिसत होतं! ते झोपेत हसलं. हे हसू ती वर असती तर दिसलं असतं, आणि खाली असूनही दिसलं, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की मशीन सुरू करायचंच राहून गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात श्वासांचा आकडा होता. तो वाढला की ती वाकून बघायची, कमी झाला की अजून वाकून बघायची. पूर्वी ती मशीन थांबवून छताकडे बघत असे, आता मशीन थांबवून पडद्याकडे बघू लागली. एवढाच काय तो फरक. छतावर निदान बघण्यासारखं काही नव्हतं.

नवऱ्याची तीच गत. शेवटच्या स्टॉपवर बस उभी करून तो फोन काढून बसायचा. मंगळवारी मागून एक आजी ओरडल्या, "ड्रायव्हरसाहेब, बाळ झोपलं असेल तर निघू या का?" सगळी बस हसली. घरी येऊन त्याने हे इतक्या कौतुकाने सांगितलं, की यात आपल्यालाच टोला होता हे त्याच्या ध्यानीही नव्हतं.

आणि मोठी.

मोठी सहा वर्षांची होती. भाऊ होईपर्यंत ती या घरातलं पिल्लू होती. तो आला आणि एका रात्रीत तिची मोठी झाली. शाळेतून आली की चपला हातात घेऊन ती जिना चढायची, कारण बाळ झोपलेलं असायचं. दार लोटायची ते बोट मध्ये धरून, म्हणजे खिट्टी वाजू नये. चित्रं काढायची, पानं उलटायची, सगळं बिनआवाजी. "गुणाची गं बाई माझी," असं आई येता-जाता म्हणायची आणि खाली कामाला लागायची. गुणी मुलांचं हेच असतं, त्यांच्याकडे बघावं लागत नाही.

कॅमेरा हलेल तिकडे मान वळवतो, हे मोठीला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायची आणि तो तिच्या मागे मागे वळायचा. मग ती समोर उभी राहून त्याला चित्र दाखवायची, जीभ दाखवायची. खाली आईला पडद्यावर बाळाऐवजी एकदम भलंमोठं कपाळ दिसायचं.

"बाजूला हो गं राणी, बाळ दिसत नाही," आई पडद्याला म्हणायची. वर ऐकू जायला बटण दाबावं लागतं, ते तिच्या लक्षात राहायचं नाही.

गुरुवारी दुपारी एकदाचा तिचा हात बसला. कवळी उजळायला लागली. हिरडीचा गुलाबी रंग जिवंत वाटू लागला. दात एका ओळीत, पण अगदी शिस्तीत नाहीत. आजोबांचा जुना फोटो पाहून तिने एक दात किंचित तिरका बसवला होता, कारण सरळ दातांचे आजोबा त्यांच्या घरच्यांना ओळखू आले नसते. आता उजवा सुळा तेवढा टोकाला गोल करायचा होता. तिने तो चाकाला लावला आणि सवयीने नजर पडद्याकडे गेली.

पडद्यावर मोठीचा उघडा जबडा होता. आत रक्त.

हात दाबला गेला. चाकाने आपलं काम केलं. ती चष्म्यासकट, मास्कसकट, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर पोचली.

मोठी कॅमेऱ्यासमोर चवड्यांवर उभी होती. चिमटीत एक इवलासा दात. तोंडाच्या कडेने लाल ओघळ हनुवटीपर्यंत आला होता, आणि ती हसत होती. बाळ शांत झोपलं होतं.

"पडला," ती कुजबुजली. "कधीची दाखवतेय तुला."

आईचा जीव भांड्यात पडायला वेळ लागला. तिने फ्रॉकच्याच टोकाने तिची हनुवटी पुसली. "अगं मग खाली यायचं ना! हाक मारायची!"

"हाक कशी मारू? बाळ झोपलंय." मोठीने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "आणि खाली आले की तू म्हणतेस, पूड आहे, बाहेर हो. तू इथे बघतेस ना सारखी. म्हणून इथे दाखवला."

मोठीला जवळ ओढून आईने तो दात तळहातावर घेतला. रोज दात हाताळणारी बाई ती, पण इतका हलका दात तिच्या हाती कधी आला नव्हता.

खाली आल्यावर तिने कवळी उचलून बघितली. सुळा अर्धा गेला होता. काढून नवा बसवायचा म्हणजे पुन्हा मेण, पुन्हा साचा. शनिवार गेला.

डॉक्टरीणबाईंना तिने खरं काय ते सांगितलं. "सोमवारी सकाळी," त्या म्हणाल्या. "आणि बाई, सोमवार हुकला तर मला दुसरीकडे बघावं लागेल. रागावून नाही म्हणत."

शुक्रवारी तिने नणंदेचा डबा टेबलावर आणला. तो तिने समोर नव्हे, बाजूला ठेवला, डाव्या हाताशी, जिथे डोळ्याच्या कडेला उजेड तेवढा कळतो. मशीनच्या घरघरीत आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. दिवे मात्र दिसायचे. एक लागला की ती घासत राहायची. दोन लागले की घासत राहायची. तिसऱ्याला पाय उचलायची. संध्याकाळपर्यंत नवा सुळा बसला, आणि ती दिवसभरात तीनदाच वर गेली, तिन्ही वेळा बाळाला खरोखरच ती हवी होती.

"हाच ठेवू या," शनिवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

"चित्र नको तुला?" त्याचा चेहरा पडला. "मी बाळाला दिवसभर बघणार कसा?"

"तू रस्त्याकडे बघ. मी दातांकडे बघते. बाळ आपल्याकडे बघेल, भूक लागली की."

तो थोडा वेळ घुटमळला, मग आजींचं बोलणं आठवून असेल किंवा खरवडलेली चिठ्ठी आठवून असेल, स्टूल आणायला गेला.

कॅमेरा उतरला. आईने तो पुसून कापसाच्या गादीवर ठेवला. मोठी पलंगाच्या कडेला बसून बघत होती. दोन पायांत अंतर ठेवून, हात मांडीखाली घालून, एखादी पाहुणी बसावी तशी.

"हा परत चाललाय?"

"हो. दुकानात."

"मग आता खाली काय दिसणार तुला?"

"दिवे," आईने डबा उचलून तिला दाखवला. समजावून सांगायचं म्हणून तिने पाळण्याजवळच्या डब्यापाशी हलकेच चुटकी वाजवली. एक दिवा लागला. टाळी वाजवली, तीन लागले. बाळ दचकलं आणि त्याने सूर लावला, तसे पाचही लागले, शेवटचे दोन लाल लाल. मोठीला हसू आलं. आईने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. एकेक करत दिवे विझले.

मोठी पलंगावरून उतरली. चवड्यांवर चालत पाळण्याजवळच्या डब्यापाशी आली, तोंड अगदी त्याच्याशी नेलं आणि श्वास रोखून उभी राहिली. आईच्या हातातल्या डब्यावर काहीच लागलं नाही.

"आई," ती कुजबुजली, "मला तर आवाज करायचाच नसतो ना? मग माझा दिवा कसा लागणार?"