माजी खासदारांचा क्लच

हमदियाकडे गाडी शिकलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या यायच्या: चढावर गाडी मागे न येऊ देणं आणि राजधानी सारायेवोतल्या झाडून सगळ्या खासदारांना शिव्या देणं. दुसरी जरा जास्तच पक्की. रस्त्यात खड्डा आला की तो त्यांच्या पगारावर घसरायचा, सिग्नलला थांबलं की भत्त्यांवर, आणि नदीकाठचा मोकळा रस्ता लागला की 'पांढऱ्या पावा'वर. निवडणुकीत पडलेल्या खासदाराला पुढे वर्षभर घरबसल्या पगार मिळतो, त्याला आमच्याकडे पांढरा पाव म्हणतात.

"तू हरलास तर तुला काय मिळेल रे?" तो शिकणाऱ्याला विचारायचा. "बायकोचे टोमणे! चल, दुसरा गिअर टाक."

तर अशा या हमदियाला एका वसंतात फोन आला तो सेनाहिदसाहेबांचा. आमच्या भागाचे हे खासदार पंधरा वर्षांनी पहिल्यांदाच पडले होते. सरकारी गाडी गेली, ड्रायव्हर गेला, आणि साहेबांना तर गाडी येत नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

ही बातमी नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानात पोचायला वेळ लागला नाही. खाटीक वेहिदनं हमदियाच्या पाठीवर थाप मारली.

"देवानंच धाडलाय तुझ्याकडे. गाडीचे दरवाजे बंद कर आणि पंधरा वर्षांचा हिशेब माग!"

"हिशेब? सालटीच काढतो बघ," हमदिया म्हणाला. रविवारी दाढी करताना त्यानं आरशासमोर तालीमही केली. त्याची बायको झुम्रा बाहेरून ऐकत होती. "अरे माणसा," ती म्हणाली, "आरसा काय उलटून बोलत नाही, म्हणून तुला जोर चढलाय."

सोमवारी साहेब आले. कोट, टाय, बुटांना चकाकी. त्यांनी हमदियाच्या जुन्या गोल्फ गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसले आणि कोटाचं बटण सोडलं. हमदियानं चावी फिरवली आणि गाडी काढली.

पूल गेला, मशीद गेली, बाजार गेला. वाटेत त्यानं मागे वळून "काच खाली करू का साहेब?" असंही विचारलं. कॉफीच्या दुकानापुढून गाडी गेली तेव्हा वेहिद कप तोंडापाशी धरून तसाच थिजलेला दिसला. टपाल कचेरीपाशी साहेब हळूच खाकरले.

"मास्तर, मी बहुतेक पुढे बसायला हवं होतं."

"होय साहेब," हमदिया म्हणाला. त्याचे कान तापले होते. "आणि मी बहुतेक शिकवायला हवं होतं."

त्या दिवसापासून दुकानात त्याला कोणी नावानं हाक मारेना. 'सरकारी ड्रायव्हर' म्हणू लागले.

हमदियानं मनाशी ठरवलं, आता बास. पण जीभ काही ऐकेना. बाकीच्यांवर तो "गाढवा, क्लच!" असा खेकसायचा. इथे मात्र तोंडातून निघायचं, "साहेब, सवडीनं जरा क्लच सोडलात तर बरं होईल." साहेबही मोठ्या अदबीनं क्लच सोडायचे आणि गाडी तितक्याच अदबीनं बंद पडायची.

एकदा ती बरोब्बर कॉफीच्या दुकानासमोर बंद पडली. मागे हॉर्न वाजू लागले. हमदियाला वाटलं, आता गाव या साहेबाला फाडून खाणार. वेहिद हात पुसत पुढे आलाच. त्यानं खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, माझ्या धाकटीचं वीजखात्यातलं काम अडकलंय हो."

"अहो, मी आता खासदार नाही."

"असू द्या. उद्या परत व्हाल. आत्ताच कानावर घातलेलं बरं."

त्याच्या मागे औषधवाली बाई उभी राहिली, तिला दुकानापुढे डांबर हवं होतं. तिच्या मागे आणखी एक जण. रांगच लागली. आणि हमदिया? तो खिडकीतून हात बाहेर काढून म्हणत होता, "एकेक जण या, गर्दी करू नका!" आपण काय बोलतोय हे लक्षात आल्यावर त्याला गाडीच्या डिकीत जाऊन बसावंसं वाटलं.

गावाबाहेर पडल्यावर त्यानं धीर केला आणि गाडी कडेला थांबवायला लावली.

"साहेब, तो पांढरा पाव तुम्ही घेता, त्याची लाज नाही वाटत?"

तालमीतल्या पंधरा मिनिटांच्या भाषणातलं एवढंच वाक्य बाहेर पडलं, तेही चिरक्या आवाजात.

साहेबांनी हँडब्रेक ओढला. "वाटते थोडी," ते म्हणाले. "पण नाही म्हणण्याइतकी नाही. मास्तर, पंधरा वर्षं माझ्या कचेरीबाहेर माणसं बसायची. कुणाला नोकरी हवी, कुणाला रस्ता. पगाराचं विचारायला एकही आला नाही. तुम्ही पहिले."

"मग आता विचारलंय ना? सोडा तो!"

"सोडला असता," साहेब म्हणाले, "पण मग तुमची फी कुठून देऊ?"

हमदिया म्हणाला, "आरशात बघा आणि निघा."

लायसन्सच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वेहिद घरी आला. परीक्षक हमदियाच्या शाळेतला मित्र. "एक शब्द टाक ना त्याच्याकडे," वेहिद म्हणाला. "साहेब खूश, तर गाव खूश. माझी पोरगी खूश." तो गेल्यावर हमदियानं फोन उचलला. चुकीचं काही नव्हतं त्यात, नुसता एक शब्द. झुम्रा कणकेचे पातळ पदर ताणत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "लाव, लाव. आणि उद्या कॉफी पिताना सांग सगळ्यांना, देश कुणी बुडवला ते."

हमदियानं फोन ठेवला. पानावर मान खाली घालून जेवला.

साहेब नापास झाले. चढावर गाडी मागे आली आणि परीक्षकाच्या मांडीवर त्याचेच कागद सांडले. दुसऱ्या दिवशी शिकवणीत तोच चढ, तीच चूक. मागे दुधाची गाडी होती. हमदिया बेंबीच्या देठापासून ओरडला:

"क्लच! गाढवा, क्लच!"

दूधवाल्यानंही इंजिन बंद केलं. साहेब लाल झाले, पांढरे झाले. मग म्हणाले, "म्हणजे पाय असा?" आणि गाडी चढ चढून गेली. पुढचे आठ दिवस हमदिया त्यांच्यावर मनसोक्त ओरडला आणि साहेब पास झाले, कुणाच्या शब्दाशिवाय. पांढरा पाव मात्र त्यांनी वर्षभर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

आता ते स्वतःची लाल गाडी घेऊन फिरतात. रस्त्याच्या अगदी मधून, बैलगाडीच्या चालीनं. डावा दिवा लावून उजवीकडे वळतात. मागे अर्ध्या गावाचा खोळंबा होतो. परवा वेहिदच्या गाडीतलं मांस त्या खोळंब्यात उन्हात तापलं. तो तणतणत कॉफीच्या दुकानात आला आणि हमदियासमोर उभा राहिला.

"या माणसाला रस्त्यावर कुणी सोडलं? जबाबदार कोण? बोल!"

सगळी टेबलं वळून बघू लागली. हमदियानं कप खाली ठेवला, घसा साफ केला.

"हे बघा," तो म्हणाला, "निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. परीक्षकांची समिती होती. सगळं नियमानुसार झालंय."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. कुणी हसायच्या आत तोच हसला, ठसका लागेपर्यंत. मग सगळ्यांची कॉफी स्वतःच्या नावावर मांडायला सांगून तो पुढच्या शिकवणीला गेला.