तपासणीपुरती टोपी

यंत्रातून धुऊन निघालेल्या ताटाला वास यावा, म्हणजे काय! ताईने ताट नाकाशी नेलं, पुन्हा यंत्रात ठेवलं, पुन्हा काढलं. तोच वास. ओलं फडकं चार दिवस कोपऱ्यात पडून राहिल्यासारखा.

दुसऱ्या घरात एवढ्यावरून नुसती कुरकुर झाली असती. ताईच्या घरात नवरा अंथरुणाला खिळलेला होता. औषधांनी त्यांच्या अंगातली प्रतिकाराची ताकद पार संपवली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "साधा संसर्गही यांना झेपणार नाही. भांडी कडक गरम पाण्यात धुवा." म्हणून तर भांडी धुण्याचं यंत्र घेतलं होतं. ते बसवलं होतं तिच्या धाकट्या भावाने. तो प्लंबर होता. तिने त्यालाच फोन लावला.

"अरे, तुझं यंत्र भांडी धुतं की बरबटवतं?"

"ताई, साबण बदलून बघ."

"तीन बदलले. आता भाऊ बदलू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. सिंक तुंबलेलं होतं, त्यात गढूळ पाणी साचलं होतं. त्याने यंत्राचं दार उघडलं. तळाशी तसंच गढूळ पाणी, वर तेलाचा तवंग, आणि चहाची पत्ती.

"यात चहा कोणी ओतला?"

"कोण ओतेल! सकाळपासून यंत्र लावलेलंच नाही. गाळणं मी सिंकमध्ये धुतलं."

आतल्या खोलीतून भाऊजींचा बारीक आवाज आला, "यंत्रातच चहा तयार आहे म्हणे! मेहुण्याला द्या कपभर!"

ताई हसली. प्लंबर हसला नाही. त्याला सगळं कळलं होतं.

गोष्ट साधी आहे. यंत्रातलं घाण पाणी एका नळीने सिंकच्या निचऱ्यात जातं. सिंक तुंबलं, की तेच पाणी त्याच वाटेने उलटं यंत्रात येतं. ते येऊ नये म्हणून ओट्यावर, नळाशेजारी, मुठीएवढी एक टोपी बसवायची असते. टोपीच्या आत दोन नळ्यांची तोंडं एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये मोकळी हवा असते. यंत्राचं पाणी त्या हवेतून खाली पडतं, पण सिंकमधलं पाणी हवेतून वर चढू शकत नाही. फार तर ओट्यावर सांडतं. सांडलेलं डोळ्यांना दिसतं, पुसता येतं.

त्या वस्तीत टोपी सक्तीची होती. नवं यंत्र बसलं की तपासनीस यायचा, टोपी बघायचा आणि सही करून जायचा. पण लोकांना टोपी नको असायची. मग प्लंबरने एक रीत पाडली. पिशवीत एकच टोपी ठेवायची. तपासणीच्या दिवशी ती बसवायची, दुसऱ्या दिवशी काढायची, भोकावर स्टीलची चकती लावायची आणि नळी सरळ निचऱ्याला जोडून टाकायची. वीस वर्षं तीच एक टोपी घरोघर फिरत होती. पान्याचा एक लांब ओरखडाही तिच्यावर उठला होता.

ताईकडेही तेच झालं होतं. "ओट्यावर बेडूक बसल्यासारखं दिसतंय, काढ बाबा," असं तिनेच म्हटलं होतं. आता दोघंही त्या चकतीकडे बघत उभे राहिले.

सिंक मोकळं करून तो थेट आपल्या वस्तादाकडे गेला. म्हाताऱ्याचे हात आता कापत, पण डोकं शाबूत होतं.

"बहीण टोपी नको म्हणाली, ठीक," सगळं ऐकून वस्ताद म्हणाला. "मग नळी तरी उचलून बांधलीस का? ओट्याच्या फरशीला खालून टेकेल इतकी वर न्यायची, आणि मग खाली आणायची."

"नाही. खालून सरळ नेली."

"का?"

"दहा मिनिटं वाचतात."

"उंच बांधलेली नळी टोपीइतकी भरवशाची नाही, सिंक काठोकाठ भरलं तर तिच्यातूनही पाणी येईल. कोणी एकतर्फी झडप बसवतं, पण तिच्यात खरकटं अडकलं की ती उघडीच राहते. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. तू मात्र काहीच केलं नाहीस. तपासनिसाला टोपी दाखवलीस! अरे, पाणी काय सही बघून थांबतं?"

"उद्या सकाळी जाऊन बसवतो."

"बसव. बैल जायच्या आत झोपा कर म्हणजे झालं."

सकाळी तो पोहोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. पहाटे भाऊजींना ताप भरला होता. नऊ दिवस ते दवाखान्यात होते. दहाव्या दिवशी गेले.

"कशाने झालं ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "भांड्यांमुळे असेल, नसेलही."

नसेलही! या एका शब्दाचा आधार प्लंबरला मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

महिन्याभराने त्याने खोकाभर टोप्या आणल्या आणि स्वतः काम केलेल्या एकेचाळीस घरांची दारं वाजवली. "माझी चूक आहे, फुकट बसवून देतो," म्हणाला.

"आमच्याकडे कोणी आजारी नाही."

"वीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होतंय?"

"आधी काढलीत तुम्हीच, आता लावायलाही तुम्हीच!"

दोन घरांनी नळी उंच बांधू दिली. टोपी एकानेही घेतली नाही. शेवटी तो तपासनिसाकडे गेला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. तपासनीस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "ओरखडावाली ना? ओळखतो मी तिला. वीस वर्षं तिच्यावरच सह्या करतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललास?"

तो ताईकडे आला. यंत्र बंद होतं. ताई सिंकपाशी उभी राहून एकच ताट हाताने धूत होती.

"ती टोपी आहे का पिशवीत?" तिने विचारलं.

"नवी आणलीय."

"नवी नको. तीच बसव."

"ताई, यंत्र तर तू लावत नाहीस. एका ताटासाठी..."

"ताटासाठी नाही रे. ती इथे घट्ट बसली, म्हणजे उद्या दुसऱ्याच्या ओट्यावर खोटी साक्ष द्यायला जाणार नाही."

त्याने चकती काढली, टोपी बसवली, पान्याने आवळली. ताईने ओटा पुसला, टोपीभोवतीचाही.

तेव्हापासून त्याने एकही यंत्र टोपीवाचून बसवलेलं नाही. साहजिकच त्याला आता फारसं कोणी बोलावत नाही. लोकांना दुसरा प्लंबर मिळाला आहे, आणि त्याच्याही पिशवीत एकच टोपी असते.

मंडळी, जो नियम आपण तपासनिसाला दाखवण्यापुरता पाळतो, तो आपण पाळतच नाही. नियम तपासनिसासाठी नसतो, आतल्या खोलीत पडलेल्या माणसासाठी असतो. आज एकदा आपल्या ओट्याखाली वाकून बघा, नळी कुठून कुठे गेली आहे ते. बहुतेक जण बघणार नाहीत. त्या एकेचाळीस घरांनीही ऐकलं होतं, आणि दोन सोडून सगळ्यांनी दार लावून घेतलं होतं.