डॅशबोर्ड खराबच राहू दे

गाडीच्या डॅशबोर्डला डोक्याचं तेल फासणारी माणसं मी आठवड्याला तीन तरी बघते. जुन्या गाड्यांच्या आतलं विटलेलं प्लॅस्टिक पुन्हा नीट करायचा माझा धंदा आहे, त्यामुळे अतिशहाण्यांशी रोजचीच गाठ. पी हळद अन् हो गोरी, अशी सगळ्यांना घाई. पण माझा धाकटा दीर या सगळ्यांचा मुकुटमणी निघाला. त्याने आधी तेल फासलं, ते चिकट झाल्यावर त्यावर चकाकीचा स्प्रे मारला, आणि उरलेला स्प्रे स्टिअरिंगवर आणि ब्रेकच्या पेडलवर संपवला.

"ब्रेकवर कशाला मारलात, भाऊजी?" मी विचारलं.

"पेडलही काळंच असतं ना, वहिनी."

अशा माणसाला काय सांगणार? हा एका कंपनीत सुरक्षेवर भाषणं देतो.

गाडी माझ्या सासऱ्यांची, बावीस वर्षांची. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आज त्यांचं वय एक्याऐंशी, आणि गाडीवर त्यांच्या हातचा एक ओरखडा नाही. जे ओरखडे आहेत ते दिराने फाटकावर घासून काढलेले. निवृत्त होताना सासऱ्यांनी एकच गाढवपणा केला. "पुढेमागे तुलाच लागेल," म्हणून गाडी धाकट्याच्या नावावर केली. आता त्या धाकट्याला वाटत होतं की बाबांचं वय झालं, गाडी विकून टाकावी. बाबांना विचारायची गरज त्याला वाटली नाही. कागदावर त्याचंच नाव होतं. माझा नवरा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो अशा वेळी पेपर तोंडासमोर धरतो.

तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. इंजिन ऐकून खूश व्हायची, मग दार उघडायची आणि नाक मुरडून निघून जायची. डॅशबोर्ड उन्हाने राखेसारखा पांढरट पडलेला, त्यावर तेलाचे ओघळ, ओघळांवर धूळ. दारांच्या आतल्या बाजूला दिराने भांडी घासायच्या काथ्याने घासून पांढरे ओरखडे काढले होते. इतकं सगळं करून झाल्यावर त्याला आठवलं की आपली वहिनी हेच काम करते.

"रविवारी एक जण येतोय. आत जरा चकचकीत करून द्या," तो म्हणाला आणि जणू उपकार केल्यासारखा गेला.

गुरुवारी सासरे स्वतःच गाडी घेऊन माझ्या शेडवर आले. रिव्हर्स घेत एका दमात आत लावली. उतरले, दार हळू लावलं, आणि माझ्या स्टुलावर बसले.

"सूनबाई, तुझं काम चांगलं असतं हे मला ठाऊक आहे. तेवढं या वेळी करू नकोस."

"म्हणजे?"

"डॅशबोर्ड खराबच राहू दे. बघायला येणारा दारातूनच परत जाईल."

त्यांना कशाची काळजी होती ते मला माहीत होतं. त्यांचा जुना दोस्त दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, शहराबाहेर, अठरा किलोमीटरवर. तिकडे बस जात नाही. आठवड्यातून चार दिवस बाबा सकाळी गाडी काढतात, त्याला पेपर वाचून दाखवतात, त्याच्याशी भांडतात आणि दुपारी परत येतात. गाडी गेली की ते चार दिवस गेले.

"निश्चिंत राहा, बाबा. नुसतं स्टिअरिंग आणि पेडल पुसते. ते घसरतंय."

"शब्द?"

"शब्द."

त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि मी पेडल पुसलं. मग स्टिअरिंग. मग म्हटलं, डॅशबोर्डवरचं तेलही काढायलाच हवं. सकाळच्या उन्हात त्याची चमक समोरच्या काचेत उमटते, रस्ता दिसत नाही. हे कारण खरं होतं. मऊ ब्रश घेतला, पाण्यात साबणाचं द्रावण केलं, हवेच्या जाळ्यांमधली घाण कापसाच्या काडीने काढली. तेल निघाल्यावर खालचा पांढरेपणा आणखी उघडा पडला.

तिथे थांबायला हवं होतं. पण ते काथ्याचे ओरखडे माझ्याकडे बघत होते. गाडी माझ्या शेडमधून बाहेर पडणार, आणि लोक म्हणणार की हे हिने केलं. माझं नाव त्या तेलफाश्याच्या कामाला चिकटणार? मी फक्त एका दारावर रंग लावून बघितला. स्पंजने पातळ हात, वाळू दिला, दुसरा हात. दार नवं दिसायला लागलं आणि बाकीची गाडी त्यापुढे भिकारी दिसायला लागली. शुक्रवारी उरलेली दारं केली. शनिवारी डॅशबोर्ड केला, त्यावर उन्हापासून वाचवणारा लेप दिला, तोही बिनचमकीचा, कारण चमक हलक्या कामाची खूण असते. मध्ये दोनदा बाबांची आठवण झाली. दोन्ही वेळा मी मनाला सांगितलं की क्लच कुरकुरतोय, तेवढ्याने गिऱ्हाईक पळेल.

रविवारी मी गाडी घरी आणून लावली आणि थोड्या वेळात गिऱ्हाईक आलं. जाडसर माणूस, गळ्यात चष्मा. त्याने दार उघडलं आणि डॅशबोर्डवरून तळहात फिरवला.

"आतून इतकी जपलीय म्हणजे इंजिनही जपलेलंच असणार," तो म्हणाला. काय पण अक्कल! माणसाचा शर्ट बघून हाडं ओळखणारा वैद्य म्हणायचा.

सासरे पुढे झाले. "दुसरा गिअर अडतो हं. क्लच आज ना उद्या जाणार. उन्हाळ्यात पाणी पिते. मागची काच अर्धीच खाली येते."

माणूस हसला. "आजोबा, तुमचा जीव आहे हो या गाडीत. असे मालक मिळत नाहीत."

त्याने घासाघीससुद्धा केली नाही. दिराने माझ्याकडे बघून मान डोलावली. "वहिनी, मानलं तुम्हाला." आणि लाज वाटते सांगायला, पण अर्धा मिनिट मला बरं वाटलं. दारांचा रंग खरंच एकसारखा बसला होता.

मग सासऱ्यांनी खिशातून आपली किल्ली काढून त्या माणसाच्या हातावर ठेवली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले. दीर कागद घेऊन आत गेला. मला वाटलं आता ते बोलतील, आणि मी कारणं जुळवू लागले: चमक काचेत उमटत होती, ओरखडे होते, माझं नाव होतं.

"छान झालं होतं हो आतून," ते म्हणाले. "मी शिकवायचो तेव्हाही इतकी नीट नव्हती."

"बाबा, मी..."

"मंगळवारी मला तिकडे सोडशील का? तुझं काम नसेल तरच. नाहीतर राहू दे, त्याला फोनवर सांगेन."

मंगळवारी माझ्याकडे दोन गाड्या यायच्या होत्या. मी हो म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना, आणि मी दोनदा नक्की म्हटलं, पण माझा शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दिराला मी इतकी वर्षं बिनडोक म्हणत आले. त्याने निदान बापाला शब्द दिला नव्हता.