चिमूटभर ज्वारीचं पीठ

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तळपायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या कोनाड्यात पडून होत्या. आबांचा भरवसा बेडकीच्या, म्हणजे गुडमार वेलीच्या, पाल्यावर. डोंगरकड्याच्या माळावर मेंढ्या चारताना ते तो तोडून आणत, वाळवून कुटत आणि ताकातून घेत.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. प्रोजेक्टसाठी औषधी झाडांचे अर्क तपासायचे होते, म्हणून आबांकडेच पाला मागितला.

"तुह्या परीक्षेत पास झाला तर गोळ्या बंद," पुडी देताना ते म्हणाले. "कबूल?"

"आणि नापास झाला तर?"

"ह्या मसाजीच्या हातचा पाला नापास व्हईल काहून?" आबांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली.

चाचणी साधी होती. आयोडीन घातलं की स्टार्च निळा होतो. एन्झाइमनं स्टार्च फोडून त्याची साखर केली की निळा रंग जातो. पाल्यानं एन्झाइमला अडवलं, तर रंग टिकतो. मी पूड पाण्यात उकळून गाळली, चाचणी लावली. रंग गडद निळाच राहिला. सोबतचे मैत्रिणीचे अर्क केव्हाच फिके पडले होते. ती टाळ्या वाजवत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर आबांचा पाय होता.

मग दुसऱ्या नळीत नुसत्या अर्कावर आयोडीन टाकलं. तीही निळी झाली. म्हणजे पुडीतच स्टार्च होता.

शनिवारी घरी गेले. "आबा, पाल्यात पीठ कसं आलं?"

"मी घातलं की. चिमूटभर ज्वारीचं." मी असं विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं. "औषध कुनाला नुसतं देऊ न्हाई. परक्यावानी दिल्यासारखं व्हतं. माही माय बी असंच द्यायची."

"पण मला नुसताच पाहिजे."

आबा विचारात पडले. "मंग मी देत न्हाई. तू तोड. आपल्या हातानं तोडलं, त्याला दिलं म्हनत न्हाईत."

लंगडत त्यांनी मला माळावर नेलं, वेल दाखवली, आणि मी तोडत होते तोवर मेंढ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

या वेळी निळा रंग फिका पडला. जरा उशिरा, पण पडला. अँटिऑक्सिडंटच्या चाचणीत मात्र रंग जाणं म्हणजेच पास, आणि तिथं जांभळं द्रावण बघता बघता पिवळं झालं.

"एका विषयात फर्स्ट क्लास," मी घरी सांगितलं, "पण शुगरच्या विषयात काठावर."

"काठावर म्हंजे पासच की!"

"व्हय," आई चुलीपुढून म्हणाली, "सातवी तुमी अशीच पास झालता."

"काठावरच्या पोराला शिकवणी लावावी लागते, आबा." मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ते गोळीकडे बघत राहिले. तोंडात काही घालेनात. "नुसतीच?" हळूच म्हणाले.

तेव्हा कळलं. दवाखान्यातही गोळी अशीच हातावर ठेवली असणार. मी ताटातल्या गरम भाकरीचा तुकडा मोडला, त्यात गोळी दाबली आणि पुढं केला.

"आता बराबर," म्हणत आबांनी लेकरासारखं तोंड उघडलं.