चिकाचा वाटा

नवा गोठा बांधल्यापासून मेरनची दोन वासरं दगावली होती. आता तिची गाय फ्लेकी पुन्हा गाभण होती. हेही वासरू गेलं तर गाय विकायची आणि बेट सोडून मुलाकडे जायचं, असं तिच्या नवऱ्यानं, मॅन्सीनं तिला बजावून ठेवलं होतं. मेरनला कुठंही जायचं नव्हतं. तिला इथंच, या वाऱ्यात दात वाजवत मरायचं होतं.

घरामागच्या ओढ्याकाठी गवतानं झाकलेला मोठा ढिगारा होता. त्यात फार पूर्वी पुरलेला ढिगाऱ्याचा म्हातारा राहतो, असं सासूनं लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. गाय व्याली की पहिल्या चिकाचा एक मग ढिगाऱ्यावर ओतायचा. मेरननं कधी खाडा केला नाही.

त्या हिवाळ्यात तिची भाची ओस्ला आली. जुन्या जागा उकरून पाहणं हेच तिचं काम. तिनं ढिगारा जरा खरवडला तर काळी माती आणि तडकलेले दगड घरंगळले.

“मावशी, यात कुणी पुरलेलं नाही. पूर्वी लोक इथं दगड तापवून पाण्यात टाकायचे आणि मांस शिजवायचे. फुटके दगड, राख, साचत गेलं सगळं.”

“म्हणजे इतकी वर्षं मी उकिरड्याला दूध पाजलं?”

“थडगं बुटकं असतं, गोल. आत दगडी पेटी. जवळपास असेल एखादं.”

मॅन्सी चहा ढवळत राहिला. तो साखर घेत नाही, तेव्हा तो काहीतरी लपवतोय हे मेरननं ओळखलं. गोठ्यासाठी जागा करताना त्यानं मोठा ढिगारा म्हाताऱ्याचा म्हणून सोडला होता आणि बुटक्या उंचवट्यावर ट्रॅक्टर घातला होता. आत निघालेली रुंद फरशी गोठ्याच्या उंबऱ्याला बसवली होती.

“फरशीखाली काय होतं?”

“थोडी हाडं. मेंढीची असतील म्हटलं.”

“मेंढीला कोण पेटीत घालतं रे, गाढवा?”

त्याच आठवड्यात फ्लेकी व्याली. वासरू उभं राहिलं, लुचू लागलं. मेरननं चिकाचा मग उंबऱ्यावर रिता केला. चीक ओघळला नाही, चाटून घेतल्यासारखा फरशीत नाहीसा झाला.

“चुकलं बाबा,” ती पुटपुटली. “भलत्याच दारात ताट वाढत होते.”

“आणि ढिगाऱ्याला?” मॅन्सीनं विचारलं.

“तिथं कुणी नाही. ऐकलंस ना?”

त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी सगळं शेत हिमानं पांढरं झालं होतं. गोठ्याची कडी लावलेलीच होती. आत फ्लेकी ओढ्याकडे तोंड करून हंबरत होती आणि तिच्या पायाशी नुसता पेंढा होता. मॅन्सी कंदील घेऊन कोपरे धुंडाळू लागला. मेरन बाहेर आली.

ढिगाऱ्यावर हिमाचा कण नव्हता. तो ओला, काळा दिसत होता आणि त्यातून वाफ निघत होती. वाऱ्याबरोबर शिजलेल्या मांसाचा वास आला. तिनं वाकून एका दगडाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. कुणी पुरलेलं नसेलही तिथं. पण सासूच्या सासूनं, सासूनं, मग तिनं स्वतः वाढून वाढून कुणाला तरी तिथं जेवायची सवय लावली होती, आणि काल त्याचा वाटा चुकला होता.

“मेरन, वासरू दिसलं का गं?” मॅन्सीनं हाक दिली.

“सामान बांध,” ती म्हणाली.