उत्तर देणारा रेडिओ

धाकटीने पाना फिरवला आणि दादाच्या अँटेनाची पकड सैल झाली. खाली शिडी धरून उभा असलेला वायरमन ओरडला,

"ताई, आधी वायर काढा! सवयीने सांगतो, राग मानू नका."

"काढते हो. एकदा शेवटचं बघू दे," म्हणत तिने पाण्याच्या टाकीवरच लॅपटॉप उघडला.

गल्लीतल्या हौशी मंडळींनी छपराछपरांवर रेडिओ बसवून त्यांचं जाळं विणलं होतं. एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे ढकलायचा. हे खूळ दादाचं. दादा याच टाकीवरून पडून गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याने निवडलेला दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, आता घरोघरच्या राउटरांनी इतका गजबजला होता की दवाखान्याचे रिपोर्ट अर्ध्या वाटेत अडकायचे. पाचचा बँड मोकळा, पण त्याला मधे एक झाड आलेलं खपत नाही. महिनाभर डोकेफोड करून धाकटीने नव्या डिश निवडल्या, छप्पर न् छप्पर चढून समोरचं दिसतंय का ते पाहिलं. एकेक करून सगळे नव्यावर गेले. दादाचा तेवढा उरला होता आणि त्याच्याच खांबावर दवाखान्याची डिश बसायची होती.

जुन्या बँडवर आता दादाच्या रेडिओच्या हाकेला ओ द्यायला कोणीच उरायला नको होतं. पडद्यावर मात्र एक जण ओ देत होता. नाव नव्हतं. सिग्नल चांगला खणखणीत होता.

तिने अँटेना हातानेच हळूहळू फिरवला. शाळेकडे वळवला की आकडा पडायचा, बाजाराकडे आणला की चढायचा. बाजाराच्या टोकाला बाबांचं शिलाईचं दुकान होतं.

दादा गेल्यापासून बाबांनी घरात रेडिओचं नाव काढू दिलं नव्हतं. धाकटीने विषय काढला की ते भरल्या ताटावरून उठायचे.

"मी फोन करेपर्यंत हात लावू नका," असं वायरमनला बजावून ती तडक दुकानात गेली.

अस्तराच्या गठ्ठ्यांवर, खिडकीकडे तोंड करून, दादाचा जादाचा रेडिओ ठेवलेला होता. दोन दिवे लागलेले, एक हिरवा, एक पिवळा.

"त्याच्या खोक्यात सापडला," बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "प्लग लावला, चालू झाला. हिरवा असला की तो आहे. सकाळी आल्या आल्या आधी तेवढं बघतो."

हिरवा दिवा नुसता विजेचा होता. समोरच्याशी गाठ पडल्याची खूण म्हणजे शेजारचा पिवळा. दोन वर्षं बाबा भलताच दिवा बघत होते.

"बाबा, दवाखान्याचं काम अडलंय. घरचा काढावा लागेल."

मशीन थांबलं.

"हा विझेल?" बाबांनी हिरव्या दिव्याकडे बोट केलं.

"नाही. हा नाही विझणार."

"मग काढ."

तिने फोन लावला. थोड्या वेळाने पिवळा गेला, हिरवा तसाच राहिला. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

"पिवळा गेला."

"तो... तो जातो असा कधी कधी."

बाबांनी एकदा हिरव्या दिव्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी प्लग काढला. वायर तळहातावर नीट गुंडाळून रेडिओ अस्तराच्या तुकड्यात बांधला.

"तुझा तो नवा," ते म्हणाले, "त्यातला एक इथे बसेल?"

"बसेल की. समोर सगळं मोकळं आहे. पण तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

"तू पण टाकीवर चढतेस."

बाबा सुईत दोरा ओवायला बसले. दोरा दोनदा चुकला.

"आणि कुठला दिवा बघायचा," ते म्हणाले, "ते या खेपेला खरं सांग."